सुरुवातीच्या ख्रिस्ती सांत्वनपर भाषणांवर ग्रीक-रोमन साहित्याची छाप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौथ्या शतकात ग्रेगरी, अँब्रोज, जेरोम यांच्यासारख्या चर्चच्या धुरीणांनी जिवलगांच्या मृत्यूनंतर जी भाषणं केली आणि पत्रं लिहिली, ती आजही वाचली जातात. वाचणाऱ्याला थोड्याच वेळात शंका येते: हे बायबल बोलतंय की जुना रोमन वक्ता सिसेरो? या शंकेभोवती जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी हे सांगा, 'सांत्वनपर भाषण' म्हणजे नेमकं काय?

मृत व्यक्तीची स्तुती, तिच्यासाठी विलाप आणि मागे राहिलेल्यांना धीर देणं या तीन गोष्टी एकत्र गुंफलेलं भाषण. कधी ते अंत्यविधीच्या वेळी मृतदेहासमोर होई, कधी चाळिसाव्या दिवशी, तर कधी काही वर्षांनी. लांबच्या माणसाला तेच पत्रातून कळवलं जाई. पत्र आणि भाषण या दोन गोष्टी आपल्याला वेगळ्या वाटतात. त्या काळच्या शिकलेल्या माणसाला त्या तेवढ्या वेगळ्या वाटत नसत. युक्तिवाद तेच असत आणि दाखलेही तेच. म्हणून या पानावर दोन्हींचा विचार एकत्रच केला आहे.

ख्रिस्ती धर्माच्या आधी ही परंपरा किती जुनी होती?

बरीच जुनी. अथेन्समध्ये युद्धात पडलेल्यांसाठी सार्वजनिक भाषण करण्याची रीत होती. थ्युसिडिडीसने पेरिक्लीसच्या तोंडी घातलेलं भाषण हे त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. पण घरातल्या, खासगी दुःखावरच्या लेखनाचा मूळपुरुष मानला जातो तो सोली गावचा क्रँटॉर. प्लेटोच्या अकादमीतल्या या तत्त्ववेत्त्याने इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपास मुलं गमावलेल्या हिप्पोक्लीस नावाच्या मित्रासाठी 'शोकाविषयी' हे छोटं पुस्तक लिहिलं. ते आज हरवलं आहे. सिसेरो मात्र त्याला सोन्यासारखं पुस्तक म्हणतो आणि ते शब्दन्‌शब्द पाठ करावं या जुन्या सल्ल्याची आठवण देतो.

सिसेरोची लेक तुलिया इ.स.पू. ४५ मध्ये वारली. तो अस्तुरा इथल्या घरी एकांतात गेला आणि त्याने स्वतःचंच सांत्वन करणारं पुस्तक लिहिलं. असं आधी कुणी केलं नव्हतं, असं तो म्हणतो. तेही हरवलं, काही तुकडे उरले. पण त्याच वर्षी लिहिलेल्या 'तुस्कुलानी संवादां'त तो एक कबुली देऊन जातो. दुःखावर कोणत्या तत्त्वज्ञानाचं औषध चालतं यावर वेगवेगळ्या पंथांची मतं आहेत: कुणी म्हणतं मृत्यू हे संकटच नाही, कुणी म्हणतं ते मोठं नाही, कुणी म्हणतं मन दुसरीकडे वळवा, कुणी म्हणतं यात अनपेक्षित असं काही नाही. माझं मन इतकं सुजलेलं होतं की मी सगळीच औषधं एका पुस्तकात ओतली, असं सिसेरो सांगतो. पुढच्या चारशे वर्षांतल्या सांत्वनलेखनाची कृती म्हणून हे एक वाक्य पुरेल.

त्यानंतर रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याची तीन सांत्वनं आली. ग्रीक लेखक प्लुटार्कने तर दोन वर्षांची मुलगी तिमोक्सेना गेल्यावर बायकोला पत्र लिहिलं. त्या पत्रात एक तपशील आहे: दाई दूध पाजायला आली की ही मुलगी तिला सांगायची, माझ्या खेळण्यांनाही पाज. तत्त्वज्ञानाच्या पानांमध्ये हे वाचताना आपण क्षणभर थांबतोच.

ख्रिस्ती बिशपांना हे सगळं ठाऊक कसं?

शाळेतून. त्या काळी वेगळी 'ख्रिस्ती शाळा' नव्हती. लिहायला-बोलायला शिकायचं म्हणजे पूर्वेत होमर, युरिपिडीस, डेमॉस्थेनीस आणि पश्चिमेत व्हर्जिल, सिसेरो. नाझियान्झसचा ग्रेगरी आणि त्याचा मित्र बेसिल हे अथेन्समध्ये शिकले. हिमेरियस हा मूर्तिपूजक आणि प्रोहेरेसियस हा ख्रिस्ती, असे दोघेही त्यांचे गुरू होते, असं चर्चचे जुने इतिहासकार सांगतात. जेरोम रोममध्ये दोनातुस या नामांकित व्याकरणकाराचा विद्यार्थी होता. तिसऱ्या शतकातला बिशप सिप्रियन उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये वक्तृत्वासाठी प्रसिद्ध होता. ऑगस्टीन मिलानमध्ये वक्तृत्वाचा सरकारी प्राध्यापक होता, आणि अँब्रोज ३७४ मध्ये बिशप होण्याआधी वकिली करून प्रांताचा अधिकारी झाला होता.

सम्राट ज्युलियनने ३६२ साली हुकूम काढला, आणि त्याचा अर्थ उघड होता: जे देवांना मानत नाहीत त्यांनी होमर शिकवू नये. यावर ग्रेगरी खवळला. ग्रीक भाषा काय तुझ्या बापाची आहे का, अशा थाटात त्याने ज्युलियनवर भाषणं लिहिली. आपल्या धर्माचे शत्रू ज्या साहित्याला आपलं म्हणत होते, त्यावरचा हक्क तो सोडायला तयार नव्हता. हे लक्षात ठेवलं की त्याच्या शोकभाषणांत होमर का डोकावतो ते कळतं.

शोक करायलाही शाळेत शिकवत?

हो, आणि अगदी पद्धतशीर. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस मेनांडर नावाच्या वक्तृत्वशिक्षकाच्या नावावर असलेलं एक मार्गदर्शक पुस्तक आपल्यापर्यंत आलं आहे. त्यात विलाप, सांत्वन आणि अंत्यभाषण यांचे वेगवेगळे नियम आहेत. स्तुती करायची तर क्रम असा: कूळ, जन्म, स्वभाव, संगोपन, शिक्षण, आवडीनिवडी, कृत्यं, नशीब, आणि शेवटी थोर व्यक्तींशी तुलना. सांत्वन करताना युरिपिडीसच्या ओळी वापराव्यात: जन्मलेल्या बाळासाठी रडावं आणि गेलेल्याला आनंदाने निरोप द्यावा. विलाप दीडशे ओळींहून लांबवू नये, कारण शोकाकुल माणसाला लांबण सोसत नाही. हा शेवटचा नियम आजच्या शोकसभांच्या संयोजकांनी भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

तरुण माणूस गेला असेल तर त्याचं शरीर डोळ्यांपुढे उभं करा, असं मेनांडर सांगतो: गालांवरची झळाळी, आता गप्प झालेली जीभ, नुकती फुटलेली दाढी, डोळ्यांतलं पाणीदार तेज. आता ३८१ सालचा एक प्रसंग पाहा. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेच्या वेळीच अंत्युखियाचा वृद्ध बिशप मेलेशियस वारला आणि न्यिसाचा ग्रेगरी (हा दुसरा ग्रेगरी, बेसिलचा भाऊ) त्याच्यावर बोलायला उभा राहिला. तो विचारतो: कुठे गेली ती डोळ्यांतली गोड शांतता? कुठे ते ओठांवरचं हसू? तोंडाने आशीर्वाद देताना बोटं पसरून साथ देणारा तो उजवा हात कुठे आहे?

हा तोच नियम आहे. एकेक अवयव घ्यायचा आणि 'कुठे गेला' असं विचारायचं. पण दाढी-गालांच्या जागी आता बिशपचा आशीर्वाद देणारा हात आला आहे. ज्याने मेलेशियसला वेदीवर पाहिलं असेल त्याला तो हात लगेच आठवला असणार.

मग हे लोक नियमांबरहुकूम चालत होते म्हणायचं?

चालत होते आणि चालत नसल्याचं सांगतही होते. जेरोमने ३९६ मध्ये आपला मित्र बिशप हेलियोडोरस याला पत्र लिहिलं. हेलियोडोरसचा भाचा नेपोशियन हा तरुण पाद्री वारला होता. पत्रात जेरोम म्हणतो, वक्तृत्वशास्त्राचा नियम आहे की ज्याची स्तुती करायची त्याच्या पूर्वजांपासून सुरुवात करावी. पण मी तसं करणार नाही, रक्तामांसाच्या गोष्टींची मी स्तुती करत नाही. नियमाचं नाव घेऊन तो मोडणं ही वक्तृत्वातलीच एक जुनी खेळी आहे. जेरोमला ते पुरतं ठाऊक होतं.

नाझियान्झसचा ग्रेगरी बेसिलवरच्या भाषणात याहून पुढे जातो. पेलोपिडी, सेक्रोपिडी, हेराक्लिडी अशी ग्रीक पुराणातली मोठी घराणी तो एकापाठोपाठ एक मोजतो, आणि मग म्हणतो की आमच्या माणसाला याची गरज नाही, त्याच्या घराण्याचं वैभव म्हणजे भक्ती. नाकारायचं होतं तर यादी कशाला दिली? कारण ऐकणाऱ्यांना ती यादी ऐकायला आवडायची, आणि खरं सांगायचं तर ग्रेगरीला ती म्हणायलाही आवडायची.

थेट उचललेलं काही दाखवता येतं का, की सगळे 'समान विचार' आहेत?

प्रश्न रास्त आहे. 'मरण सगळ्यांनाच आहे' हे वाक्य दोन ठिकाणी सापडलं म्हणून प्रभाव सिद्ध होत नाही. ते कोणत्याही गावातला कोणताही म्हातारा माणूस बोलेल. म्हणून फक्त तीन पक्की उदाहरणं देतो.

पहिलं. तुलिया गेल्यावर सर्व्हियस सुल्पिसियस या मित्राने अथेन्सहून सिसेरोला पत्र लिहिलं. तो सांगतो: आशियातून परत येताना एजिनाहून मेगाराकडे जहाजाने निघालो होतो. आजूबाजूला पाहिलं. मागे एजिना, पुढे मेगारा, उजवीकडे पिरेयस, डावीकडे कॉरिंथ. एके काळी भरभराटलेली ही शहरं आता जमीनदोस्त होऊन पडलेली. मी मनाशी म्हटलं, इतक्या शहरांची प्रेतं एका जागी पडली असताना आपण इवलीशी माणसं आपल्यापैकी एक गेलं की चिडतो?

सुमारे सव्वाचारशे वर्षांनी मिलानचा बिशप अँब्रोज फाउस्टिनस नावाच्या गृहस्थाला बहिणीच्या मृत्यूबद्दल पत्र लिहितो. तुम्ही बोनोनियाहून येत होता, असं तो सुरू करतो. मागे क्लातेर्ना, बोनोनिया, मुतिना, रेजियम, उजवीकडे ब्रिक्सिलम, समोर प्लासेंशिया. अर्ध्या ढासळलेल्या इतक्या शहरांची प्रेतं पाहून एका स्त्रीचं जाणं थोडं सुसह्य वाटू नये का? समुद्राऐवजी उत्तर इटलीतला रस्ता आहे, बाकी दिशा, शहरं आणि प्रेतं सगळं सुल्पिसियसचं. ही नक्कल आहे आणि ती ओळखली जावी अशीच केलेली आहे. मात्र पुढे अँब्रोज एक वाक्य जोडतो जे सुल्पिसियसला जोडता आलं नसतं: ती शहरं कायमची पडली, तुमची बहीण काही काळापुरती गेली आहे.

दुसरं. सेनेका आपल्या मित्राला लिहितो की ज्याला आपण गमावलं म्हणतो तो कदाचित फक्त पुढे पाठवला गेला आहे, ज्ञानी म्हणतात ते खरं असेल आणि पलीकडे एखादी जागा असेल तर. सुमारे २५२ मध्ये कार्थेजमध्ये महामारी पसरली असताना सिप्रियन आपल्या लोकांना सांगतो: आपले बंधू गमावलेले नाहीत, पुढे पाठवलेले आहेत, हे आपल्याला माहीत आहे. लॅटिनमध्ये क्रियापदही तेच. सेनेकाचं 'कदाचित' आणि 'असेल तर' तेवढं गळून पडलं.

तिसरं मला सर्वांत आवडतं. तरुण सम्राट व्हॅलेंटिनियन दुसरा ३९२ च्या मे महिन्यात गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएन शहरात गळफास लागलेल्या अवस्थेत मिळाला. त्याचा सावत्र भाऊ ग्रेशियन त्याआधीच मारला गेला होता. व्हॅलेंटिनियनवरच्या शोकभाषणाच्या शेवटी अँब्रोज दोघांना उद्देशून म्हणतो: तुम्ही दोघे धन्य, माझ्या प्रार्थनांना काही बळ असेल तर एकही दिवस तुमची आठवण काढल्याशिवाय जाणार नाही. श्रोत्यांतल्या शिकलेल्या माणसाने हे ऐकताच मान वर केली असेल. व्हर्जिलच्या 'इनिअड'च्या नवव्या सर्गात निसस आणि युरायलस हे दोन जिवलग मित्र लढाईत पडतात, तेव्हा कवी म्हणतो: तुम्ही दोघे भाग्यवान; माझ्या काव्याला काही बळ असेल तर एकही दिवस तुम्हाला काळाच्या स्मृतीतून पुसणार नाही. अँब्रोजने काव्याच्या जागी प्रार्थना ठेवली. कवी कीर्ती देऊ शकतो. बिशप रोज वेदीपाशी नाव घेऊ शकतो. एका शब्दाच्या बदलाने त्याने सांगून टाकलं की त्याच्या मते दोघांपैकी कुणाचा हात लांब पोहोचतो.

मग यात ख्रिस्ती ते काय उरलं?

सोपं उत्तर असं दिलं जातं की साचा ग्रीक आणि आशय ख्रिस्ती. मला ते पटत नाही. आशयही बराचसा जुनाच आहे. अँब्रोजचा भाऊ सॅटिरस सुमारे ३७८ मध्ये वारला. त्यावर अँब्रोजची दोन भाषणं आहेत, एक अंत्यविधीचं आणि दुसरं सातव्या दिवसाचं. दुसऱ्यात तो मृत्यूबद्दल न रडण्याची कारणं देतो: मरण सगळ्यांना आहे, ते जगाच्या त्रासातून सोडवतं, ते झोपेसारखं आहे. काही लोक जन्माला रडत आणि मृत्यूला उत्सव करत, हेही त्याने घेतलं आहे. यातलं एकही कारण ख्रिस्ती नाही. सिसेरोला ते भाषण वाचायला दिलं असतं तर अर्ध्यापर्यंत त्याने माना डोलावल्या असत्या.

बदल तीन ठिकाणी दिसतो, आणि तिन्ही सारखे महत्त्वाचे नाहीत. दाखले बदलतात, हा सर्वांत वरवरचा बदल. ग्रीक तत्त्ववेत्ता अनॅक्सागोरस याला मुलगा गेल्याचं कळलं तेव्हा तो म्हणाला होता, मर्त्यालाच जन्म दिला हे मला ठाऊक होतं. हा दाखला जेरोमही देतो. पण त्याच्या शेजारी आता बायबलमधले ईयोब आणि दावीद येऊन बसतात.

दुसरा बदल श्रोत्यांचा. सेनेका एका व्यक्तीला लिहितो, फार तर सुशिक्षित वर्तुळाला. सॅटिरसच्या अंत्यविधीला मिलानचं सगळं गाव होतं, मजूर आणि विधवासुद्धा. अँब्रोज म्हणतो की माझं खासगी दुःख सार्वजनिक झालं, आणि त्यानेच मला धीर मिळतो. तत्त्ववेत्त्याचं सांत्वन एकट्याने एकट्याला दिलेलं असे. इथे स्तोत्र म्हणणारा जमाव आहे.

तिसरा बदल म्हणजे देहाचं पुनरुत्थान, आणि खरी फारकत इथे आहे. प्लेटोच्या वाटेने जाणाऱ्याला देह सुटणं हीच सुटका वाटते. ख्रिस्ती वक्ता देह परत मिळेल असं सांगतो. त्यामुळे शोकात शरीराकडे पाहण्याची नजरच बदलते. अँब्रोज राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी घेऊन येतो, तो पुराणकथेतलाच, पण कामाला लावलाय पुनरुत्थानाच्या.

रडायला परवानगी होती का?

यावर ते आपापसात सहमत नव्हते, आणि एकेकजण स्वतःशीही सहमत नव्हता.

पूर्वीच्या परंपरेतच दोन पक्ष होते. कडक स्टोइक तत्त्ववेत्त्यांच्या मते शहाण्याने दुःखाने हलूच नये. क्रँटॉरच्या मते हे अमानुष आहे. दुःख होऊ द्यावं, ते मापात ठेवावं. बहुतेक ख्रिस्ती वक्ते क्रँटॉरच्या बाजूचे. त्यांच्या हाती दोन वचनं होती. एक प्रेषित पौलाचं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. दुसरं योहानाच्या शुभवर्तमानातलं, मित्र लाजराच्या कबरीपाशी येशू रडला. पहिलं वचन अश्रू आवरायला सांगतं आणि दुसरं ते वाहू देतं. प्रत्येक भाषण या दोन वचनांच्या मधे कुठेतरी उभं असतं. प्रत्येक अश्रू अविश्वासातूनच येतो असं नाही, असं अँब्रोज भावाच्या प्रेताजवळ उभा राहून म्हणतो.

ऑगस्टीनची गोष्ट वेगळी आहे. ३८७ मध्ये ऑस्टिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. त्याने अश्रू बळाने मागे लोटले, रडू लागलेल्या स्वतःच्या मुलाला गप्प केलं, दफन होईपर्यंत डोळे कोरडे ठेवले. मग स्नान केलं, काही उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर अँब्रोजच्या एका स्तोत्राच्या ओळी आठवल्या आणि मग तो रडला, तासाचा थोडासा भाग. कुणी याला पाप म्हणत असेल तर त्याने हसू नये, माझ्यासाठी रडावं, असं तो लिहितो. स्टोइक शिस्त एका माणसात किती खोल गेली होती आणि ती कुठे तुटली, हे इतकं जवळून दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टमचा राग मात्र छाती बडवण्यावर आणि पैसे देऊन आणलेल्या रडणाऱ्या बायकांवर होता. असं करणाऱ्यांना चर्चमध्ये येऊ देणार नाही, इथपर्यंत त्याने धमकावलं.

सांत्वन कधी करावं याचेही नियम होते?

होते. दुःख ताजं असताना बोलू नये, औषधच जखम चिघळवतं, हा वैद्यकातून घेतलेला विचार सेनेका आईला लिहिलेल्या सांत्वनात मांडतो. बेसिल मुलगा गमावलेल्या एका आईला लिहिताना तेच म्हणतो: सुजलेल्या डोळ्याला मऊ औषधही झोंबतं, म्हणून लिहायला कचरत होतो. कचरत होतो असं म्हणून मग सविस्तर लिहायचं, हाही रिवाजच.

'तू ख्रिस्ती नाहीस, सिसेरोवाला आहेस' हे स्वप्न पडलेल्या जेरोमने पुन्हा सिसेरो कसा काय वापरला?

३८४ च्या एका पत्रात जेरोम सांगतो की आजारपणात त्याला स्वप्न पडलं: न्यायासनासमोर त्याला हे वाक्य ऐकवलं गेलं, फटके पडले, आणि पुन्हा असली पुस्तकं वाचणार नाही अशी त्याने शपथ घेतली. बारा वर्षांनी नेपोशियनवरच्या पत्रात तो क्रँटॉर, प्लेटो, डायोजेनीस, क्लिटोमॅकस, कार्नेआडीस, पॉसिडोनियस यांची नावं घेऊन सांगतो की हे आम्ही वाचलं आहे. वर व्हर्जिलच्या ओळी, आणि शेवटाकडे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमधला तो प्रसंग: आपली अफाट सेना पाहून शंभर वर्षांनी यातला एकही जिवंत नसेल या विचाराने रडणारा इराणचा राजा झर्क्सीस. पूर्वीचा मित्र रुफिनस याने त्याला शपथेवरून टोमणा मारलाच. जेरोमचं उत्तर असं की ते स्वप्न होतं, आणि लहानपणी पाठ केलेलं विसरता येत नाही. त्याचा दुसरा मुद्दा मला खरा वाटतो. शोकाच्या वेळी माणूस नवं काही वाचत बसत नाही, जे पाठ असतं तेच तोंडी येतं.

राजघराण्यातल्या मृत्यूंवरची भाषणं राजकीय होती का?

उघडपणे. सम्राट थिओडोसियस १७ जानेवारी ३९५ रोजी मिलानमध्ये वारला. चाळिसाव्या दिवशी अँब्रोज बोलला तेव्हा समोर दहा वर्षांचा होनोरियस होता आणि सैन्य होतं. थिओडोसियसच्या श्रद्धेने तुम्हाला विजय दिला, आता तुमची निष्ठा त्याच्या मुलांचं बळ होवो, हे वाक्य सैनिकांसाठीच आहे.

व्हॅलेंटिनियनची अडचण वेगळी होती. त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा स्नानाचा संस्कार, झालेला नव्हता. तो द्यायला या असा निरोप त्याने अँब्रोजला पाठवला होता आणि अँब्रोज वाटेत असतानाच तो गेला. बहिणी जुस्ता आणि ग्राता समोर बसलेल्या. त्यांना काय सांगायचं? अँब्रोज म्हणतो, त्याने मागितलं, म्हणजे त्याला मिळालं. हुतात्मे स्वतःच्या रक्तात न्हातात, तसा हा स्वतःच्या इच्छेत न्हाला. इथे व्हर्जिल कामाला येत नाही. मेनांडरच्या पुस्तकात या प्रसंगाचा नियमच नव्हता, आणि पुढे चर्चच्या शिकवणुकीत हे वाक्य फार दूरवर गेलं.

न्यिसाच्या ग्रेगरीने थिओडोसियसची चिमुरडी मुलगी पुल्केरिया आणि त्यानंतर थोड्याच काळात राणी फ्लाक्सिला यांच्यावर भाषणं केली. लहानग्या पुल्केरियावरचं भाषण जास्त मनाला भिडतं. उमलण्याआधी खुडलेल्या फुलाची प्रतिमा शाळेतली असली तरी.

या सगळ्यात स्त्रिया कुठे आहेत?

बहुतेक ठिकाणी सांत्वन करून घेण्याच्या जागेवर, आणि कधी रागावून घेण्याच्याही. लेक ब्लेसिला गेल्यावर जेरोमची शिष्या पॉला कोसळली तेव्हा जेरोमने तिला जे पत्र लिहिलं त्यात धीरापेक्षा कानउघाडणी जास्त आहे. लोक कुजबुजत होते की उपासांनी पोरीचा जीव घेतला, आणि बोट जेरोमसारख्या संन्याशांकडेच होतं. ते पत्र वाचताना हे विसरू नये.

मोठा अपवाद मॅक्रिना, बेसिल आणि न्यिसाच्या ग्रेगरीची थोरली बहीण. बेसिल गेल्यावर ग्रेगरी तिला भेटायला गेला तर ती स्वतःच मरणशय्येवर होती. 'आत्मा आणि पुनरुत्थान' या त्याच्या संवादात तो शिष्यासारखा रडतो, शंका विचारतो; ती गुरूसारखी उत्तरं देते. मांडणी सरळसरळ प्लेटोच्या 'फेडो'ची आहे, जिथे सॉक्रेटीस विषाचा पेला घेण्याआधी अमरत्वावर बोलतो. सॉक्रेटीसच्या जागी एका स्त्रीला बसवणं ही त्या शतकातली मोठी गोष्ट होती.

आणि सापिदा. तिने भावासाठी अंगरखा विणला होता. भाऊ कार्थेजमध्ये धर्मसेवक होता, तो घालण्याआधीच गेला. तिने तो ऑगस्टीनला पाठवला: तुम्ही घाला, मला बरं वाटेल. ऑगस्टीन उत्तरात लिहितो की मी तो घालायला सुरुवात केली आहे. पुढे पत्रात नेहमीचे उपदेश आहेतच.

ही भाषणं छापील मजकुराइतकी लांब खरंच बोलली गेली?

सगळी नाही. बेसिलवरच्या भाषणाचे ८२ भाग आहेत. अभ्यासकांना वाटतं की ते नंतर वाढवलं गेलं. त्यात अथेन्सच्या विद्यार्थीजीवनाचं एक लांब प्रकरण आहे: नव्या मुलाला बाजारातून मिरवत स्नानगृहाकडे नेतात, दारापाशी आरडाओरडा करून, दार बडवून त्याला घाबरवतात आणि मग आत सोडतात. ग्रेगरीने रदबदली केल्याने बेसिलची या रॅगिंगमधून सुटका झाली. शोकभाषणात याचं काय काम? मेनांडरच्या क्रमात 'शिक्षण' येतं, म्हणून. आणि मित्र गेला की कॉलेजच्या गोष्टी निघतातच. तिथेच ग्रेगरी म्हणतो की ग्रीक पुराणातले जिवलग मित्र ओरेस्टीस आणि पिलाडीस आमच्यापुढे काहीच नव्हते. आम्ही दोघं म्हणजे दोन देहांत एक जीव.

रोमन तत्त्ववेत्ता बोईथियस याचं 'तत्त्वज्ञानाचं सांत्वन' यातच मोडतं का?

ते जवळचं नातलग आहे, पण वेगळं. सुमारे ५२४ मध्ये तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात शोक दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःच्या पतनाचा आहे, आणि लेखक ख्रिस्ती असूनही त्यात ख्रिस्ताचं नाव नाही. अँब्रोजने जे जोडलं ते बोईथियसने पुन्हा बाजूला ठेवलं.

मराठीत असं काही घडलं का?

सांत्वनाच्या प्रकारात थेट नातं दाखवता येत नाही. पण नव्या धर्माने स्थानिक अभिजात साचा आपलासा करण्याचं उदाहरण आपल्याकडे ठळक आहे: फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण', गोव्यात १६१६ मध्ये छापलेलं, ओवीत. बायबलची कथा पुराणाच्या घाटात सांगायची ठरवली की पुराणाचे संकेतही सोबत येतात. ग्रेगरीपुढे होमर होता, स्टीफन्सपुढे मराठी संतकवी.

वाचायला कुठून सुरुवात करू?

आधी सुल्पिसियसचं सिसेरोला लिहिलेलं पत्र, ते दोन-तीन पानांचं आहे. लगेच अँब्रोजचं फाउस्टिनसला लिहिलेलं, ते त्याहून छोटं. मग अँब्रोजचं सॅटिरसवरचं पहिलं भाषण आणि जेरोमचं नेपोशियनवरचं पत्र. नाझियान्झसच्या ग्रेगरीकडे वळायचं तर बेसिलवरच्या लांबलचक भाषणाऐवजी भाऊ सिझेरियस याच्यावरचं आधी घ्या. सिझेरियस दरबारी वैद्य होता, ३६८ मध्ये निकेआच्या भूकंपातून वाचला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. म्हातारे आईवडील ऐकायला समोर होते. इंग्रजी भाषांतरं जुनी आणि थोडी बोजड आहेत, पण इंटरनेटवर फुकट मिळतात.